बिनहाराचा अशोक

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहून द्या, म्हणून संपादकांचा माणूस आला तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवला होता. म्हटलं, बाबा रे, जन्मभर दुसऱ्याचं लिहिलं, आता आपलं काय लिहायचं? तो पुन्हा आला. माझ्या दुकानात भिंतीला एक बोर्ड टेकलेला असतो. त्यावरच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं विचारलं, "हे कोण, काका?" त्याला सांगायला बसलो तर चहा गार होऊन गेला. शेवटी तो म्हणाला, हेच लिहा.

मी पेंटर. बल्लारपुरात स्टेशन रोडला दुकान. आता फ्लेक्सवाल्यांनी आमची पार वाट लावली, पण तेव्हा या भागात जे काही लिहिलेलं दिसायचं ते आमच्यासारख्या चार-दोन जणांच्या हातचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे शेर, जयंतीच्या कमानी, घुग्घुसच्या खाणीतले 'सावधान'. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा तर आमची चंगळच झाली. शाळा, दवाखाने, चौक्या, साऱ्या पाट्यांवरचं 'जिल्हा चंद्रपूर' खोडायचं आणि 'जिल्हा गडचिरोली' लिहायचं. पार सिरोंचापर्यंत जाऊन आलो. गावकरी विचारायचे, पेंटर, पाटी बदलली, आता रस्ता होईल ना? मी म्हणायचो, मी फक्त पाटीवाला आहे, भाऊ.

पण खरं काम निवडणुकीचं. त्यातली एक रीत बाहेरच्यांना ठाऊक नसते. निवडणूक लागायच्या कितीतरी आधी पक्षाचा माणूस येतो आणि मोक्याच्या भिंती धरतो. आम्ही त्या भिंतीवर चुन्याचा एक हात मारायचा आणि कोपऱ्यात गेरूनं लिहायचं : राखीव. खाली पक्षाचं नाव. बस. मग दुसरा कोणताही पेंटर त्या भिंतीला ब्रश लावत नाही. घरमालकाला विचारलं नाही तरी चालतं, पण पेंटरचा शब्द मोडत नाही. पक्ष एकमेकांचे आमदार पळवायचे, भिंत मात्र कोणी पळवली नाही. आमच्या धंद्याला निदान तेवढी अब्रू होती.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका उमेदवाराला त्याचं नाक बारीक करून पाहिजे होतं. एक जण पडला, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी हात जोडून आला, "पेंटर, माह्या घरासमोरच्या भिंतीवरचं तेवढं पुसून दे गा. बायको रोज वाचते अन् हासते."

चेहऱ्याचं सांगायचं राहिलं. महापुरुष सोडले, तर मोठ्ठा चेहरा दोघांचाच काढून घेतात : उमेदवाराचा आणि मेलेल्याचा. दोन्हीची तऱ्हा वेगळी. उमेदवाराचे गाल गुलाबी मारायचे, नजर सरळ समोर. मेलेल्याची नजर थोडी वर, आणि डोक्यामागे पिवळसर उजेड. साध्या, जित्या माणसाचा मोठा चेहरा कोणी काढून घेत नाही. मी एकाचाच काढला.

ऐंशीच्या दशकाचे मधले दिवस असतील. इराण आणि इराकची लढाई जुंपलेली होती, आणि ती थांबायचं नाव घेत नव्हती. आमच्या समोरच्या चहाच्या टपरीवर रेडिओ लागायचा, रोज तीच बातमी. एके दिवशी कॉलेजची पोरं दुकानात आली. पुढे सुधाकर. पोंभुर्ण्याकडचा, धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा, चंद्रपूरला कॉलेज आणि बल्लारपुरात खोली. अंगात दम होता पोट्ट्याच्या. बोलायला लागला की टपरीवरचे लोक कप हातात धरून उभे राहायचे. होस्टेलसाठी, फीसाठी त्यांचे मोर्चे चाललेच होते. आता त्यांना भिंतीवर लिहून पाहिजे होतं : 'युद्ध थांबवा'.

टपरीवाला हसला. "बल्लारपूरच्या पोराईनं सांगतलं म्हून लढाई थांबते काय बे?"

सुधाकर म्हणाला, "थांबत नाई. पण आपन गप्प होतो असं तर नाई ना होनार."

मला आवडलं ते. पण भिंत कुठून आणायची? सगळ्या राखीव. मी म्हटलं, गावात एकच भिंत मोकळी आहे, आणि ती शेवंताबाईची. कोणत्याच पक्षाला ती हात लावू देत नाही. जा, प्रयत्न करा, आणि चपलेपासून जपून राहा.

शेवंताबाई आमच्याच वस्तीतली, विहारामागे राहायची. लाकूड डेपोत मजुरी करायची. तिचं घर अगदी रस्त्याच्या वळणावर, भिंत अशी की स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस ती वाचल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. साऱ्या पक्षांचा डोळा तिच्यावर. पण बाईचा नवरा खाणीत दगावला तेव्हा दोन्हीकडचे पुढारी तिच्या दारात येऊन गेले होते. पोराला खाणीत लावून देतो, असं दोघांनीही सांगितलं. पोरगा म्हणजे अशोक. आयटीआयचा वेल्डर, हात सोन्यासारखा. सत्तेतल्या साहेबांच्या बंगल्यावर, मग विरोधातल्या भाऊंच्या वाड्यावर, मग पुन्हा बंगल्यावर, असे त्यानं जोडे झिजवले. शेवटी कंटाळून मुंबईच्या एका एजंटामार्फत इराकला गेला. लढाई तेव्हा सुरू झालेलीच होती. एजंट म्हणाला, ते तिकडे सीमेवर, तू जाशील तिथं काही नाही. सुरुवातीला त्याची खुशाली यायची. मग यायची बंद झाली. एजंटाच्या ऑफिसला कुलूप.

पोरं तिच्याकडे गेली, मीही गेलो. बाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. सुधाकरनं सगळं समजावून सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"लिहा," म्हणाली. "पन आधी माह्या अशोकचं लिहा. तो त्याच लढाईत हाये. कुठी हाये, कोनाले मालूम नाई."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. रेडिओतली लढाई त्यांच्या गावातल्या एका घरात बसली आहे, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. ओळी सरळ याव्यात म्हणून मी भिंतीवर दोरी मारली, गेरू कालवला, आणि त्या भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं : 'आमचा अशोक कुठे आहे?' 'युद्ध थांबवा' त्याच्या खाली, बारीक. पैसे घेतले नाहीत. घ्यावेसे वाटले नाहीत.

त्या एका ओळीनं कमाल केली. पेपर मिलच्या पाळीवरून सुटलेले कामगार सायकली थांबवून वाचायचे. कोणाचा भाचा तिकडे होता, कोणाचा साडू. पोरांनी मोर्चा काढला, तहसीलवर बसली, मार खाल्ला, पुन्हा बसली. मागणी एकच : सरकारनं अशोकचा पत्ता लावावा. सुधाकरच्या कपाळाला टाके पडले होते, तरी शेवंताबाईच्या ओट्यावर येऊन तो म्हणायचा, "बाई, आनतोच पाहा त्याले." बाई त्याला भात वाढायची. इतक्या वर्षांनी तिच्या घरात कोणी तरणा पोरगा जेवत होता. खोटं कशाला बोलू, मलाही वाटायला लागलं होतं की हा आणील.

मोर्चे वाढले तशी पक्षांना जाग आली. विरोधातले भाऊ येऊन पोरांसोबत फोटो काढून गेले. मग साहेबांकडून निरोप आला : स्टेशनसमोरच्या मैदानात सभा घ्या, साहेब जातीनं येतात, दिल्लीला बोलून चौकशी लावतो असं मंचावरून जाहीर करतात. पोरांमध्ये वाद झाले. अर्धे म्हणाले, त्यांना कशाला बोलवायचं? सुधाकर म्हणाला, "दिल्लीले आपला फोन लागते काय? त्याईचा लागते." खरं होतं. साहेबांना बोलवायचं ठरलं.

सभेसाठी अशोकचा मोठा बोर्ड करायचं ठरलं. लोकांनी पोरगा डोळ्यांनी पाहावा. बाईनं पासपोर्टच्या वेळचा फोटो दिला. मी फोटोवर चौकोन पाडले, तेच चौकोन हार्डबोर्डवर मोठे आखले आणि कामाला लागलो. मला भीती एकाच गोष्टीची होती. म्हणून मी जपून काढला. डोक्यामागे उजेड नाही, साधं निळं आभाळ. नजर वर नाही, समोर. शर्टाचं वरचं बटण उघडं आणि ओठ जरासे हसरे, अशोक हसायचा तसे. बोर्ड वाळायला ठेवला तेव्हा शेवंताबाई पाहायला आली. बराच वेळ पाहत राहिली. "आता बोलंल असं वाटते," म्हणाली. अशी पावती मला पुन्हा कधी मिळाली नाही.

सभेच्या दिवशी दुपारी मैदान भरून गेलं. मंचावर एका बाजूला खुर्चीत शेवंताबाई, पांढरं लुगडं नेसलेली. मधोमध तीन पायांच्या तिकाटण्यावर अशोकचा बोर्ड. ऊन होतं आणि वारा सुटला होता. तिकाटणं डुलायला लागलं, म्हणून सुधाकरनं मला मागून बोर्ड धरायला सांगितलं. मी धरून उभा राहिलो. त्यामुळे पुढचं सगळं मी अशोकच्या पाठीमागून पाहिलं.

साहेब उशिरा आले. त्या दिवशीची त्यांची ती कितवी सभा होती देव जाणे. जीपमधून उतरले, गर्दीला हात जोडले, मंचावर चढले. कोणीतरी रिवाजाप्रमाणे त्यांच्या गळ्यात हार घातला. त्यांनी तो रिवाजाप्रमाणे काढला, हातात धरला आणि समोर पाहिलं. समोर एक मोठा चेहरा, शेजारी पांढऱ्या लुगड्यातली रडवेली बाई.

आणि साहेबांनी तो हार अशोकला घातला.

माझ्या बोटांना फुलं लागली. मला आधी कळलंच नाही. साहेब दोन पावलं मागे सरले, डोळे मिटून हात जोडले, मग माइककडे गेले आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचा हा सुपुत्र परदेशी मातीत कामी आला. त्याच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे."

सारं मैदान उभं राहिलं. अहो, सारं! ज्यांनी 'अशोकला परत आणा' म्हणून घसा फोडला होता ती पोरंसुद्धा. माइकवरून उभं राहा म्हटलं की उभं राहायचं, ही सवय शाळेपासून हाडात बसलेली. बोर्डाच्या कडेवरून मला ती हजार खाली घातलेली डोकी दिसत होती. सुधाकर मंचाच्या पायरीवर उभा होता. त्यानं तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याचीही मान खाली गेली.

एकटी शेवंताबाई बसून होती. मग ती उठली. तरातरा बोर्डाजवळ आली, हार उतरवला आणि साहेबांपुढे धरला. माइक चालू होता.

"हा घ्या तुमचा हार. माहा पोरगा मेला नाई. कोनं सांगतलं तुमाले?"

साहेबांनी शेजारच्या माणसाकडे पाहिलं. तो कानाशी काहीतरी कुजबुजला. चूक झाली, एवढं म्हणायचं होतं हो! एका वाक्यात मिटलं असतं. पण चूक झाली असं मंचावरून म्हणणारा पुढारी मी तरी जन्मात पाहिला नाही. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "या माउलीचं दुःख आपण समजू शकतो. तिचं मन हे मान्य करायला तयार नाही." लोक हळहळले. बायका डोळे पुसायला लागल्या. राहिलेली स्तब्धता पूर्ण झाली. कोणीतरी 'अमर रहे' म्हणून ओरडला आणि मैदानानं साथ दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात श्रद्धांजली छापून आली. विरोधातले भाऊ चिडले, साहेबांनी बाजी मारली म्हणून. त्यांनी आठवड्याभरात आपली वेगळी श्रद्धांजली सभा घेतली आणि सरकारच्या नाकर्तेपणामुळे अशोक गेला असं ठणकावून सांगितलं. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचं एकमत झालं. मग वळणावरच्या चौकाला त्याचं नाव द्यायचा ठराव झाला. 'हुतात्मा' लिहून पाटी करायला माझ्याकडे आले. मी म्हटलं, निघा इथून. त्यांनी घुग्घुसच्या पेंटरकडून करून आणली. अक्षरं चांगली काढली होती त्यानं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. बाईला डेपोत जायला त्या पाटीखालूनच जावं लागायचं.

मी तिला घेऊन चंद्रपूरच्या कलेक्टर ऑफिसात गेलो. चौकशीचं काय झालं विचारलं. बाबू भला माणूस होता. ओशाळून म्हणाला, "बाई, आता कशाची चौकशी? साहेबानंच श्रद्धांजली वाह्यली ना. मी वर काय लिहून पाठवू?" बाई म्हणाली, "तो जित्ता हाये असं लिहा." बाबू म्हणाला, "त्याले काही आधार?" मेल्याला आधार लागला नव्हता. जित्याला लागत होता. मी चिडून बोललो, टेबलावर हात आपटला, शिपायानं आम्हाला बाहेर काढलं. बाहेर झाडाखाली बसून बाईनं मलाच समजावलं, "जाऊ द्या, भाऊ. त्याईच्यानं होत नाई."

पोरांनी निषेधाचा मोर्चा काढला. थोडीच आली. परीक्षा तोंडावर होत्या. काही दिवसांनी तीही पांगली. सुधाकर शेवंताबाईच्या ओट्यावर यायचा थांबला. काय तोंड घेऊन येणार? पुढच्या निवडणुकीच्या आधी तो माझ्या दुकानात आला, इस्त्रीचा शर्ट, मागे दोन पोरं. साहेबांच्या पक्षाच्या भिंती धरायला आला होता.

मी म्हटलं, "काय रे सुधाकर, लाज नाई वाटत?"

त्याच्या कपाळावरची टाक्यांची खूण अजून दिसत होती. म्हणाला, "बाहेर राहून काय झालं, पेंटर? मार खाल्ला, तरी काही झालं? अंदर जाऊनच काम करता येते. मी अशोकचं काम अंदरून करतो." त्या वेळी तो खरं बोलत होता, असं मला आजही वाटतं. आत गेला तो आतच राहिला.

वस्तीतले लोक बाईला म्हणायचे, भन्तेजींना बोलाव, विधी करून मोकळी हो. तिनं केला नाही. बोर्ड तिनं घरात दारासमोर लावला होता. हार नाही, उदबत्ती नाही, काही नाही. वर्षभरानं तो बोर्ड डोक्यावर घेऊन ती माझ्या दुकानात आली.

"भाऊ, याले मिशी काहाडून द्या."

"काऊन, बाई?"

"आता का तो तेवढा लहान राह्यला? मिशी आली असंल."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बाई शुद्धीवर होती. मेलेला माणूस फोटोत त्याच वयाचा राहतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती आली होती. मी मिशी काढली. पुढच्या दिवाळीला ती परत आली, मी गाल थोडे भरले. एका वर्षी म्हणाली, तिकडे ऊन लई असते म्हणतात, रंग जरा रापला असंल. मी रापवला. लढाई थांबल्याची बातमी रेडिओवर लागली त्या दिवशी धावत आली. दम लागला होता. "शर्ट नवा घाला याले, येईलच आता." मी पांढरा शर्ट काढला, खिशासकट. नंतर किती तरी दिवस ती स्टेशनातून सुटणाऱ्या गर्दीकडे पाहत ओट्यावर बसायची. तो शर्ट पुढे मी बदलला नाही. तिनंही सांगितलं नाही.

कानशिलावर पहिले पांढरे केस काढले त्या वर्षी ती हसली होती. "बापावर गेला, लवकर पिकला." नंतर ती खाटेला लागली. तिच्याच्यानं येववेना म्हणून मीच ब्रश घेऊन तिच्या घरी जायचो. ती पडल्या पडल्या सांगायची, मी काढायचो. शेवटच्या दिवसांत तिला नीट दिसत नव्हतं. हातानं बोर्ड चाचपून विचारायची, "आता कसा दिसते?" मी म्हणायचो, तुमच्यासारखा. ती गेली. बोर्ड मी दुकानात आणला. दुसऱ्या कोणाकडे नेणार?

गेल्या दिवाळीच्या आधी दुकानापुढे मोठी गाडी थांबली. सुधाकर. आता त्यालाच लोक साहेब म्हणतात. इकडून चालला होता, जुनी ओळख म्हणून उतरला. तब्येतीची चौकशी केली, फ्लेक्सनं तुमच्या धंद्याचं वाटोळं केलं म्हणाला, माझ्याकडचा चहा प्याला. निघताना त्याची नजर बोर्डावर गेली. टक्कल पडलेला, पिकल्या भुवयांचा, पांढऱ्या शर्टातला माणूस.

"हे कोन, पेंटर? घरचे कोनी?"

त्यानं ओळखलं नाही. ज्याच्यासाठी डोकं फोडून घेतलं, तो चेहरा त्यानं ओळखला नाही. मी काही बोलायच्या आत त्यानं चप्पल काढली, डोळे मिटले आणि बोर्डाला हात जोडले. पाठीमागच्या दोन पोरांनीही लगेच जोडले.

"हात खाली कर, सुधाकर," मी म्हटलं. "जित्ता हाये तो."

तो थोडा हसला. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं त्याला वाटलं असेल. माझ्या खांद्यावर थोपटून गाडीत जाऊन बसला.

मी पांढऱ्याचा डबा उघडला. अशोकच्या मिशीचे केस त्या वर्षीचे पिकवायचे राहिले होते, आणि माझा हात आता फार वेळ स्थिर राहत नाही.